माउस परत केल्याची हकिकत

आमच्या ऑफिसात आजवर ज्याने कोणी स्टोअरमध्ये काही परत केलं, ते मोडल्यावर केलं. चांगला चालणारा माउस आपणहून नेऊन देणारा मी पहिला. या गोष्टीचा मला काही काळ अभिमान होता. तो काळ साधारण सोमवार ते गुरुवार एवढा होता.

मी शहर बससेवेच्या ऑफिसात ड्युटी-चार्ट करतो. कोणती बस, कुठल्या मार्गावर, किती वाजता, कोणता ड्रायव्हर काढणार, हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये भरायचं आणि शीट डेपोच्या कॉम्प्युटरला पाठवून द्यायची. तिथून ज्याच्या त्याच्या फोनवर ड्युटीचा मेसेज आपोआप जातो. मेसेज आला तर ड्युटी, नाही आला तर सुट्टी, असा साधा नियम आहे. बस ड्रायव्हर चालवतो असा लोकांचा समज असतो. मी तो कधी खोडून काढला नाही.

हा चार्ट दर तीन महिन्यांनी नव्याने करावा लागतो, आणि दर तीन महिन्यांनी मी त्यात बुडतो. मुलगी परगावी असते. तिच्या बाळंतपणाला बायको जाऊन आली, मी चार्टमध्ये होतो. नात बसायला लागली तेव्हा तिकिटं काढली होती, ती चार्टपायी रद्द केली. आता नात भिंतीला धरून उभी राहायला लागली होती आणि आजोबांना तिने फक्त फोनवर पाहिलं होतं. त्यातही मला फोन नीट धरता येत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तिला आजोबा म्हणजे कपाळ वाटतं. परवा टीव्हीवर एक टकलू माणूस आला तर त्याला टाटा केला तिने."

हे ऐकून सगळे हसले. मीही हसलो. पण नंतर हात धुताना आरशात कपाळाकडे बराच वेळ बघत राहिलो, हे खरं आहे.

बायकोने मग निर्वाणीचं सांगितलं. "या शनिवारी मी निघणार. आलात तर दोघं जाऊ, नाही आलात तर मी एकटी जाईन. आणि तिथे कुणी विचारलं तर सांगेन, आजोबा शीटमध्ये राहतात."

साहेबांकडे रजेचा अर्ज घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "नवा चार्ट शुक्रवारपासून लागू होतो. गुरुवारी संध्याकाळपर्यंत गेला तर शनिवारपासून आठ दिवस रजा घ्या. नाही गेला तर पुढच्या तिमाहीत बघू." साहेबांचं 'बघू' मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. त्यांनी अजून काही बघितलेलं नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर दुरुस्ती विभागाची शीट करणारी एक मुलगी बसते. मुलगी म्हणजे दोन मुलांची आई आहे, पण मला काका म्हणते, तेव्हा मुलगीच. तिला सगळे बुलेट म्हणतात. तिची शीट माझ्याएवढीच लांबलचक, पण पाच वाजले की ही पर्स खांद्याला लावून उभी. कारण ती माउसला हातच लावत नाही. कंट्रोलचं बटण आणि दुसरं कुठलं तरी, टकटक टकटक, की झालं काम. मी मात्र माउस धरून एकेका चौकोनावर नेम धरत बसतो. नेम धरेपर्यंत चौकोन कुठला होता ते विसरतो.

मी लाज गुंडाळून तिला विचारलं. ती म्हणाली, "काका, तुम्हाला सगळं येतं. फक्त तुमचा हात सारखा माउसकडे जातो. तिथे जाण्यात आणि परत येण्यातच तुमचा दिवस जातो."

हे मी घरी सांगितलं आणि तिथेच चुकलो. आमच्या इमारतीत एखाद्याला सल्ला हवाय ही बातमी पाण्याच्या आधी वर चढते. तळमजल्यावरचे टायपिस्टकाका, निवृत्त, लगेच जिन्यात हजर झाले. "आमच्या वेळी हातांवर टॉवेल टाकून टाइप करायला लावायचे. नजर खाली गेली की बोटांवर पट्टी! तुमचा माउस टेबलावर आहे तोवर हात जाणारच. परतीचे दोर कापून टाका."

"म्हणजे?"

"माउस देऊन टाका. नकोच तो डोळ्यांसमोर."

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली उतरत होते. ते थांबले. माझा डावा हात हातात घेऊन त्यांनी करंगळी उलटसुलट करून पाहिली. "कंट्रोलचं बटण करंगळीने दाबतात ना? मग जपा. सारखं दाब-सोड, दाब-सोड केलंत तर शीर आखडेल. एकदा दाबलं की दाबूनच ठेवा."

"तुम्ही दातांचं बघा हो," टायपिस्टकाका म्हणाले. "बटण सोडायचं नाही म्हणजे काय? टायपिंग आहे का गुडघ्याचा व्यायाम?"

"शीर ती शीर. हिरडीतली काय आणि करंगळीतली काय."

हा वाद बराच चालला. माझी करंगळी तेवढा वेळ डॉक्टरांच्याच हातात होती, त्यामुळे मला निघता येईना. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद आहे. मी दोघांनाही दुखवायचं नाही असं ठरवलं, आणि दोघांचाही सल्ला मानला. माणसाने सर्वांशी चांगलं राहावं हे मला लहानपणापासून पटलेलं आहे, आणि त्याचे परिणामही मीच भोगत आलो आहे.

सोमवारी सकाळी माउस वायरसकट गुंडाळून स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरकीपरने चष्मा वर केला.

"बिघडलाय?"

"नाही."

"मग परत कशाला?"

"मी यापुढे कीबोर्डवरच काम करणार आहे."

त्याने फॉर्म काढला. परत करण्याची कारणं छापलेली होती: तुटला, जळला, हरवला. स्टोअरकीपर म्हणाला, "यातलं एक निवडा." मी म्हटलं, हरवलेला माउस मी परत कसा करणार? तो म्हणाला, "लोक करतात." शेवटी त्याने पट्टी घेऊन फॉर्मवर चौथा चौकोन आखला आणि मी त्यात लिहिलं, 'गरज उरली नाही'. त्याने ते दोनदा वाचलं. "इतक्या वर्षांत असं कुणी लिहून दिलं नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता की संशय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जाता जाता सहज विचारलं, "आणि परत लागला तर?"

"बिघडलेला जमा करा, चालू घेऊन जा."

"पण माझ्याकडे बिघडलेला नाही. चांगला होता, तो आत्ताच तुम्हाला दिला."

"म्हणूनच मिळणार नाही," तो म्हणाला, आणि माझा माउस त्याने कपाटात आत सरकवला.

पहिला दिवस कठीण गेला. सुरुवातीला माझ्या हातून कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि बाणाची बटणं दाबली की चौकोनाऐवजी अख्खी शीटच सरकायला लागली. मी खाली जायला गेलो की शीट वर जायची. दुपारपर्यंत आम्ही दोघं एकमेकांना असे चुकवत होतो. बुलेटने येऊन स्क्रोल लॉक नावाचं बटण दाबलं आणि निघून गेली. ते बटण कीबोर्डवर आहे हेच मला माहीत नव्हतं. ते कशासाठी ठेवलंय हे तिलाही माहीत नव्हतं.

मग कंट्रोल आणि खालचा बाण. यादीच्या शेवटी झटकन जाता येतं असं बुलेटने सांगितलं होतं. मी दाबलं ते रिकाम्या रकान्यात, त्यामुळे यादी राहिली बाजूला आणि मी गेलो थेट शीटच्या तळाला. दहा लाखांच्याही पुढची ओळ. तिथे कोणी नव्हतं. ड्रायव्हर नाही, मार्ग नाही, साहेब नाहीत, सगळं पांढरं आणि शांत. इतक्या वर्षांच्या नोकरीत ऑफिसात इतकी निवांत जागा मी पाहिली नव्हती. थोडा वेळ तिथेच थांबलो. मग परत येण्यासाठी वरचा बाण दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने चहा पिऊन संपवला, तरी रस्ता चालूच होता. बुलेट म्हणाली, "कंट्रोल-होम दाबा काका, घरी याल." मला ते ऐकून बरं वाटलं.

घरी बायकोने कामच हातात घेतलं. शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिने कीबोर्ड काढला, स्वतःच्या अक्षरात, आणि माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला. मी शाळेत असताना आई अशी पाढे घ्यायची.

"वरचंच खालपर्यंत भरायचं असेल तर?"

"कंट्रोल-डी."

"आजची तारीख?"

"कंट्रोल आणि अर्धविराम."

"केलेलं पुसायचं?"

"कंट्रोल-झेड."

"शाबास. दिवा घालवा."

मी पुठ्ठ्यावर बटण शोधायला लागलो. "उठून," ती म्हणाली.

तिने बॅगही बाहेर काढून ठेवली होती. त्यात नातीसाठी विणलेलं पिवळं स्वेटर होतं, आणि माझे दोन शर्ट घडी करून बॅगेशेजारी ठेवलेले होते, बॅगेत नाही. याचा अर्थ मला कळला.

बुधवारी परिपत्रक निघालं. 'एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने माउसची गरज उरली नसल्याचे लेखी कळवले असल्याने, अनावश्यक साहित्य कमी करण्याच्या धोरणानुसार, कार्यालयातील सर्व माउस जमा करण्यात येत आहेत.' स्टोअरकीपर स्वतः प्लास्टिकची बादली घेऊन टेबलाटेबलाशी फिरला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बादली भरली आणि वायरी काठावरून बाहेर लोंबायला लागल्या. हिशेब विभागातले एक गृहस्थ फक्त पत्त्यांचा डाव लावण्यासाठी माउस वापरायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांच्या केबिनमधलाही माउस गेला. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "हा ज्येष्ठ कर्मचारी कोण?" स्टोअरकीपर म्हणाला, "नाव गुप्त ठेवायचं असतं साहेब," आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्या दुपारी चहा आला तो माझं टेबल सोडून पुढे गेला. सुधारणा करणाऱ्या माणसाला एवढं सोसावंच लागतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पण गुरुवारी, खरं सांगतो, बोटं चालायला लागली. एफ-टू दाबावं, आकडा बदलावा, एंटर. बाण, आकडा, एंटर. बुलेटने माझ्याकडे एकदा मान वळवून पाहिलं. ड्रायव्हरच्या रकान्यात मी एकेकाचे बिल्ला नंबर भरत होतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून करंगळी कंट्रोलवर टेकलेलीच असायची, आकडा टाकण्यापुरती उचलायचो, की पुन्हा टेकवायचो. शेवटच्या ड्रायव्हरच्या बिल्ल्याचा शेवटचा आकडा शून्य होता. तो मी पुन्हा पुन्हा दाबत होतो आणि उमटत नव्हता, तेव्हा करंगळी उचलून दाबला, एंटर केलं. मग शंका आली, शून्य या वेळीही उमटलं नसेल तर? पुन्हा त्या चौकोनावर गेलो, करंगळी टेकवली, शून्य दाबलं. तक्ता किंचित आखूड झाला. म्हटलं, बरं झालं, आता सगळा एका स्क्रीनवर मावतोय.

आता दोनच रकाने राहिले होते. एकात डेपोचं नाव आणि दुसऱ्यात 'गणवेश आवश्यक', दोन्ही सगळ्यांना सारखंच. पहिल्या ओळीत लिहिलं, दोन्ही रकाने खालपर्यंत निवडले आणि कंट्रोल-डी. एका क्षणात सगळा तक्ता भरला. पूर्वी हे करायला मला अख्खी दुपार लागायची. शीट पाठवली, बंद केली, आणि पाच वाजता बुलेटबरोबर जिना उतरलो. दार उघडताच बायकोने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप आहे का?" तिने विचारलं. चार्ट गेल्याचं सांगितलं तेव्हा तिने माझे दोन्ही शर्ट बॅगेत ठेवले.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीच्या थांब्यावर उभा राहिलो. बस आली नाही. दुसरीही आली नाही. थांब्यावर माणसं वाढत गेली, चिडचिड वाढत गेली. एका बाईंनी मला विचारलं, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "कुणाचा तरी हलगर्जीपणा, दुसरं काय." आणि शेवटी ऑफिसला चालत गेलो. चालताना त्या हलगर्जी माणसाचा मला चांगलाच राग आला होता.

डेपोच्या फाटकाशी मामा उभे होते. मामा म्हणजे आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर, सगळेच त्यांना मामा म्हणतात. सेवाज्येष्ठतेमुळे चार्टच्या पहिल्या ओळीत नेहमी त्यांचाच बिल्ला असतो. आयुष्यात त्यांनी कधी ड्युटी नाकारलेली नाही. गणवेशाला कडक इस्त्री होती आणि हातातला फोन एकसारखा वाजत होता.

"साहेब," ते मला शांतपणे म्हणाले, "सगळ्या गाड्या मलाच आल्यात. माझी तक्रार नाही. एक फेरी मारून आलो. पण सकाळी सहाला मी सगळीकडून एकदम निघायचं होतं. आता उशीर झालाच आहे, तर आधी कुठली काढू तेवढं सांगा."

बाकीच्या ड्रायव्हरांना मेसेजच गेले नव्हते. मेसेज नाही म्हणजे सुट्टी. फोनाफोनी सुरू झाली. एक बहिणीकडे गेला होता. एक शिडीवर चढून छताला रंग देत होता आणि उतरायला तयार नव्हता. एकाच्या बायकोने फोन घेतला आणि म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा शुक्रवारी घरी आहेत, साहेबांना आमचा नमस्कार सांगा." सगळ्यांनी मला नियम ऐकवला.

मी शीट उघडून कंट्रोल-झेड दाबलं. पण शीट काल बंद केली होती. आज उघडलेल्या शीटला कालचं काहीच आठवत नव्हतं. माउस कुणाकडेच नव्हता. बुलेटने माझा कीबोर्ड ओढून घेतला आणि दोन-तीन बटणं एकदम दाबली. तक्त्याच्या मधोमध एक रकाना उघडला. तो ड्रायव्हरचा होता. डेपो आणि गणवेश यांच्या बरोबर मधला. त्यात वरपासून खालपर्यंत मामांचाच बिल्ला होता.

"कंट्रोल-शून्य म्हणजे रकाना लपवणं," ती हळूच म्हणाली. "लपलेला असला तरी तो मध्ये होताच ना काका. तुम्ही खालपर्यंत भरलं, तेव्हा तोही भरला." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "करंगळी उचलायची असते."

तिने जुन्या तिमाहीचा चार्ट शोधून पाठवला आणि दुपारपर्यंत गाड्या धावायला लागल्या. तोवर साहेबांनी मला आत बोलावलं होतं. त्यांनी माझा रजेचा अर्ज समोर घेतला, त्यावर 'नामंजूर' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली. साहेब पुढे बरंच बोलले, पण मला ते ऐकू येईना. माझ्या डोळ्यांसमोर बॅगेतले दोन शर्ट होते. मला वाईट वाटलं. नोकरीत पुष्कळदा वाईट वाटलं आहे, पण ते ऑफिसपुरतं असायचं. हे घरी न्यावं लागणार होतं.

तेवढ्यात मुख्य कार्यालयाचा फोन आला. साहेब उभे राहून बोलायला लागले.

"हो सर... एकच माणूस सर... हो, ड्युटी-चार्टवालाच... नाही, स्वभावाने गरीब आहे... कॉम्प्युटरपासून लांब? किती दिवस सर?... हो सर. आजच आदेश काढतो."

त्यांनी फोन ठेवला आणि कागदावर लिहिलं की मी उद्यापासून आठ दिवस कार्यालयात पाऊल ठेवू नये. मग तो आदेश अर्जाशेजारी ठेवला. दोन्हीकडच्या तारखा त्याच होत्या. साहेब बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत?"

मी दुखावलो. म्हटलं, "साहेब, मुद्दाम करण्याइतकं कीबोर्ड मला येत नाही."

असा आदेश निघाला की माणसाने आपल्याकडचं सगळं साहित्य जमा करायचं असतं. कीबोर्ड काखेत मारून स्टोअरमध्ये गेलो. नवे फॉर्म छापून आले होते आणि त्यावर चौथा चौकोन छापलेलाच होता. मी त्यावर खूण केली. स्टोअरकीपरने मोठ्याने वाचलं, "गरज उरली नाही." आणि माझ्याकडे बघून मान हलवली. या वेळी आदरच होता.

घरी बायको दारातच होती. "मिळाली का रजा?"

"दिली."

"कुरकुर नाही केली?"

"त्यांनी स्वतःहून दिली. आता कामावर येतो म्हणालो तरी घेणार नाहीत."

सगळं मी तिला प्रवासात सांगितलं. ती इतकी हसली की समोरच्या सीटवरच्या माणसाने जागा बदलली. मग तिने माझी करंगळी हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाही.

मुलीने दार उघडलं. तिच्या कडेवर नात होती. आजीकडे तिने लगेच झेप घेतली. मी हात पुढे केले तर माझ्याकडे पाहिलं, नाक पाहिलं, चष्मा पाहिला, आणि ओठ काढून रडायच्या बेतात आली. इतके दिवस याच क्षणाची मला भीती होती. मी हात मागे घेतले.

"वाका," बायको म्हणाली. "फोनमधल्यासारखे."

मी चष्मा काढला आणि वाकून फक्त कपाळ पुढे केलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक छोटासा, ओलसर हात कपाळावर फाडकन बसला. पुन्हा बसला. वर खिदळणं ऐकू आलं, आणि ती पूर्ण वजनानिशी माझ्या गळ्यात पडली.

त्याच वेळी खिशातला फोन वाजला. मुलीने काढून माझ्या कानाला लावला. बुलेट होती, श्वास लागलेला. "काका, गडबड झालीय. स्टोअरवाला बादली घेऊन आलाय. आता सगळ्यांचे कीबोर्ड गोळा करतोय. तुम्ही फॉर्मवर लिहिलंत म्हणे! दोन मिनिटं त्याच्याशी बोला ना."

नातीने तोवर माझे दोन्ही कान धरले होते. मी बायकोकडे पाहिलं. तिने फोन घेतला.

"त्यांचे हात मोकळे नाहीत," ती म्हणाली, आणि फोन बंद करून पर्समध्ये ठेवला.